डावा खांदा

श्रीधरनं तगरीची दोन फुलं वाटीतल्या पाण्यात बुडवली आणि चिकटवण्याआधी केशवाचा उजवा खांदा अंगठ्यानं पुसून कोरडा केला.

फक्त उजवा.

पद्मजा तेलाची बुधली घेऊन देवघराच्या दारात उभी होती. समोर पाटावर स्वराली डोळे मिटून बसली होती. कौल लावताना विचारणाऱ्यानं डोळे मिटायचे, फूल पडेपर्यंत उघडायचे नाहीत, असा श्रीधरच्या घरचा नियम. कोकणातून सदाशिव पेठेत येताना त्यांनी हातभर उंचीचा हा काळ्या दगडाचा केशव आणला, तसा नियमही आणला. उजव्या खांद्यावरचं फूल आधी पडलं तर होकार, डाव्या खांद्यावरचं पडलं तर नकार.

स्वरालीचा प्रश्न होता, परत जाऊ का?

दिवाळीला आली ती गेलीच नव्हती. तिचा नवरा पुष्कर मारत नव्हता, पीत नव्हता. तो बोलत नव्हता. एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की महिना-महिना एक शब्द नाही. "न बोलणं हा काय गुन्हा आहे?" असं श्रीधर दोन-तीनदा म्हणाला होता. आज संध्याकाळी पुष्कर बाणेरहून गाडी घेऊन न्यायला येणार होता.

"स्वराली," पद्मजा म्हणाली, "ही फुलं शिळी आहेत. खालून ताजी घेऊन ये."

"आई, सकाळीच तर—"

"ये घेऊन."

जिन्यावरचा चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत ती थांबली.

"अहो, देवाचा खांदा कशाला पुसता?"

"पाणी जास्त झालं की फूल दिवसभर चिकटून बसतं. सगळेच पुसतात."

"दोन्ही?"

श्रीधरनं वाटी सरळ केली. ती सरळच होती.

*

डावं.

लग्नानंतरचं दुसरं वर्ष. अस्तित्ववादावर प्रबंध लिहायला फ्रान्समधल्या एका विद्यापीठानं बोलावलं होतं. शिष्यवृत्ती, राहायची खोली, सगळं. पद्मजा याच पाटावर डोळे मिटून बसली. जाऊ का? टप्. उघडले तेव्हा डाव्या बाजूचं फूल ताम्हनात होतं.

ती रडली नाही. देवानं सांगितलं होतं.

मग आयुष्यभर कॉलेजात तेच शिकवलं. माणूस आधी नुसता असतो, मग निवडत निवडत कोणीतरी होतो. पाठीशी कोणी नाही, पुढे कोणी नाही. मुलं विचारायची, मॅडम, तुम्ही तर रोज पूजा करता? ती हसून म्हणायची, मी नाही निवडलं, त्यानं मला निवडलं. या उत्तरावर तिनं संसार केला. सासूचं दुखणं काढलं. रोज पहाटे केशवाला न्हाऊ घातलं, आणि डावा खांदा पुसताना दर वेळी मनात म्हटलं, तुझी इच्छा.

*

"माझ्या वेळी कुठला पुसला होतात?"

"आई अंथरुणाला खिळली होती, पद्मजा."

"मी खांदा विचारला."

 खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. किक, किक, किक.

"मी आधी त्याला विचारलं होतं," श्रीधर अखेर म्हणाला. "आदल्या रात्री. खरंखुरं, दोन्ही खांद्यांना सारखं पाणी लावून."

"मग? काय म्हणाला?"

"तो कुठे काय म्हणतो? दोन्ही फुलं तशीच राहिली. सकाळ झाली. कोणीतरी ठरवायला नको?"

"माझं?"

"तू डोळे उघडले असतेस तर दिसलं असतं. कोणी धरून ठेवले नव्हते."

*

मध्ये.

चार हात आहेत तुला. शंख आहे, चक्र आहे, गदा आहे. एकही हात उचलवला नाही? तो माझ्यासमोर तुझा खांदा पुसत होता आणि तू पुसून घेतलास. इतकी वर्षं मी तुझी म्हणून जी आज्ञा पाळली, ती याची होती. मला सांगायचंस तरी. नाही सांगायचंस, तर निदान माझ्या हातून आंघोळ करून घ्यायची नव्हतीस.

*

स्वराली फुलं घेऊन आली तेव्हा श्रीधर बाहेर खुर्चीवर जाऊन बसला होता आणि पद्मजा सहाणेवर चंदन उगाळत होती.

"आज मी लावते," पद्मजा म्हणाली.

तिनं पाण्याची वाटी बाजूला सारली. दाट गंधाचा गोळा दोन्ही खांद्यांवर थापला आणि त्यात फुलं देठापर्यंत रोवली. श्रीधर बघत होता.  स्वरालीनं डोळे मिटले.

फुलं पडली नाहीत. निरांजनातली वात सरली. चंदन कडेनं वाळून पांढरं पडलं.

"आई, पडलं का?"

"नाही. तो बोलत नाहीये."

"तोही नाही?" स्वरालीनं डोळे उघडले. "मग मी काय करू?"

"तुला काय करायचंय?"

"वर्गात मुलांना सांगतेस तसलं मला नको सांगूस. उद्या चुकलं तर कोणाचं नाव घेऊ? बाबा निदान जा तरी म्हणतात. तू म्हण ना. जा म्हण, नाहीतर राहा म्हण."

पद्मजाच्या तोंडाशी शब्द आला होता. राहा. तिनं सहाण उचलली.

"मला कणीक भिजवायचीय."

"तूही तशीच," स्वराली तिच्या पाठीवर म्हणाली.

कणीक मळता मळता पद्मजानं खिडकीतून पाहिलं. पुष्करची गाडी कोपऱ्यावर वळून खाली थांबली. हॉर्न नाही, फोन नाही. तो नुसता काच वर करून बसून राहिला. देवघरात काहीतरी खरवडल्यासारखा आवाज झाला. तिनं मान वळवली नाही.

"बाबा! आई! पडलं. डावं पडलं."

दोघंही दारात आली. ताम्हनात तगरीचं फूल होतं, देठाला चंदनाचं ढेकूळ. केशवाच्या डाव्या खांद्यावरच्या चंदनात नखाचा लांब ओरखडा. स्वरालीनं उजवा हात ओढणीखाली घेतला होता.

श्रीधरनं फुलाकडे पाहिलं, ओरखड्याकडे पाहिलं, मग पद्मजाकडे. तिनं नजर काढली नाही. त्यानं हळूच हात जोडले.

"देवाची इच्छा," तो म्हणाला.

"पुष्करला मी सांगून येऊ का?" पद्मजानं विचारलं.

"नको. मीच जाते." स्वराली उठली. "मी डोळे मिटलेलेच होते, आई."

"हो."

ती जिना उतरून गेली. पद्मजानं ताम्हन विसळलं, उजव्या खांद्यावरचं फूल काढून तिथलं चंदन ओल्या फडक्यानं पुसलं. डाव्या खांद्यापाशी तिचा हात थांबला. तो खांदा तिनं तसाच ठेवला.