जड डबा

जैतूला कुणी चहा पाजला तरी तो आधी पाजणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. यात त्याच्या स्वभावाचा दोष किती आणि खोडाळ्याच्या बाजाराचा किती, हे सांगणं कठीण आहे. तीस वर्षं त्याने व्यापाऱ्यांच्या गोण्या पाठीवर वाहिल्या आणि काट्यापाशी उभी असलेली माणसं काय काय उद्योग करतात, ते हातभर अंतरावरून पाहिलं. कुणी पारड्याखाली चुंबक लावायचं, तर कुणी नेमकं वजन करताना लेकराबाळांची चौकशी काढायचं. शेवटी जैतूने काट्यावरचा विश्वास काढून घेतला आणि स्वतःच्या हातावर ठेवला. गोणी नुसती उचलून तो वजन सांगे, आणि पन्नास किलोत अर्ध्या किलोच्या पलीकडे चूक होत नसे. पाड्यांवरचे लोक नागली, वरई घेऊन आले की आधी जैतूकडे यायचे आणि मगच काट्याकडे जायचे. व्यापाऱ्यांना तो डोळ्यासमोर नको असायचा. जैतूला याचाच मोठा अभिमान होता.

अशा माणसाची मुलगी कॉम्प्युटर घ्यायला जव्हारला निघाली म्हटल्यावर त्याने घरी बसणं शक्यच नव्हतं.

रविना वीस वर्षांची. वाडा तालुक्यातल्या एका कंपनीत चौदा महिने उभं राहून तिने पॅकिंगचं काम केलं होतं. खोलीचं भाडं, जेवण आणि घरी पाठवायचे ते, असं सगळं जाऊन तिच्याकडे बावन्न हजार उरले. त्यांत तिला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा होता. कंपनीच्या खोलीत बरोबर राहिलेल्या तीन मुली आणि ही, अशी चौघींची टीम होती. त्या तिघी आता कॉम्प्युटरवर खेळत होत्या आणि रविनाचा फोन दहा मिनिटांत तापून बंद पडत होता. शेजारणींना तिने ऑनलाइन कामासाठी घेतेय म्हणून सांगितलं. बापाला मात्र सरळ सांगितलं, खेळायला पाहिजे.

जैतूला नेमका या सरळपणाचाच संशय आला. खेळायला कुणी चौदा महिन्यांची कमाई घालतं का? म्हणजे खरी गोष्ट वेगळीच असणार. दुकानदार तरुण आहे, त्याचं नाव मंगेश आहे आणि पोरगी त्याच्याशी महिनाभर फोनवर बोलतेय, एवढं त्याने घरातल्या घरात शोधून काढलं होतं. बाकीचं डोळ्यांनी बघायचं ठरवून तो जीपमध्ये तिच्या शेजारी बसला. पैशांची पिशवी माझ्याकडे दे, असंही त्याने वाटेत दोनदा सुचवून पाहिलं. रविनाने ती ओढणीखाली आणखी आत सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मंगेशचं दुकान जव्हारच्या एसटी स्टँडजवळ. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे कॉम्प्युटर दुरुस्तीचं टेबल. त्याने जैतूला काका म्हणत खुर्ची दिली आणि चहा मागवला. हमालाला इतका मान फुकट कोण देतं, हा प्रश्न जैतूला चहाच्या पहिल्या घोटालाच पडला. मग तो खुर्ची सरकवून अशा ठिकाणी बसला, की त्याला मंगेशचे दोन्ही हात दिसावेत.

माल नाशिकहून मागवलेला होता. रविनाने वहीचं मागचं पान उघडलं आणि एकेक वस्तू टेबलावर यायला लागली. प्रोसेसर म्हणून जे आलं, ते जैतूच्या अंगठ्याहून थोडंसंच मोठं होतं. किंमत नऊ हजार. त्याने ते तळहातावर घेतलं, तर वजन सुपारीएवढंसुद्धा भरेना. याचे नऊ हजार? रविनाने समजावलं, की हा कॉम्प्युटरचा मेंदू, याच्यावर सगळं चालतं. जैतूने मान डोलावली, पण मनात म्हटलं, मेंदू आहे म्हणून सांगितलं की माणूस भाव करत नाही, ही चलाखी चांगली आहे.

रविना मात्र भाव करत होती, आणि तो कसा करावा ते तिला कुणी शिकवायला नको होतं. मदरबोर्डचे दोनशे तिने कमी करून घेतले. रॅमची किंमत तिने तिथल्या तिथे फोनवर काढून मंगेशच्या समोर धरली. मॉनिटर जुना घ्यायचा ठरला होता, त्याच्या कोपऱ्यावरचा ओरखडा दाखवून तिने आणखी तीनशे सोडवले. सगळे भाग आत बसवायची पेटी, म्हणजे कॅबिनेट, मंगेशने रंगीत दिव्यांचं पुढे केलं, तेव्हा दिव्यांनी गेम जोरात पळतो का, असं विचारून तिने साधं काळं मागितलं. जैतूला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. पोरगी माझ्यावर गेली, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं, की हे सगळं मला दाखवायला तर चाललं नसेल?

अडलं ते ग्राफिक्स कार्डावर. गेमचं सगळं सुख त्या कार्डात असतं, हे एव्हाना जैतूच्याही कानावरून दहादा गेलं होतं. टेबलावर दोन कार्डं होती. रविनाची नजर मोठ्यावरून हटत नव्हती, पण वहीत लहान लिहिलेलं होतं. मोठ्याला तीन हजार कमी पडत होते.

तीन हजार कुठून निघतील, म्हणून जैतूने टेबलावरून नजर फिरवली, आणि ती एका राखाडी डब्यावर थांबली. मंगेशने सांगितलं, हा एसएमपीएस. घरातली लाईट घेऊन आतल्या वस्तूंना पुरवतो. किंमत चार हजार दोनशे. आणि मागच्या फळीवर अगदी तसाच दुसरा डबा होता, त्यावर चिठ्ठी अकराशेची.

"काम येकच करत्यात ना दोघं?" जैतूने विचारलं.

करतात, पण एकसारखं नाही, असं म्हणून मंगेश समजावायला लागला. खोडाळ्याकडे लाईट कधी चढते, कधी उतरते. स्वस्तातला डबा एखाद्या दिवशी जळतो, आणि जळताना एकटा जात नाही, मदरबोर्ड आणि कार्डही बरोबर घेऊन जातो. म्हणून मोठ्या कार्डापेक्षा आधी हा चांगला घ्यावा.

जैतूचे कान टवकारले. महाग वस्तू विकताना दुकानदार नेहमी भीती घालतो, हे त्याने खतापासून छत्रीपर्यंत सगळीकडे पाहिलं होतं. शिवाय हा बाबा पैसे काढतोय ते दिसणाऱ्या कार्डातून आणि घालतोय ते पेटीत लपणाऱ्या डब्यात. फसवाफसवी नेहमी अशी न दिसणाऱ्या जागीच असते. जैतू उठला. त्याने एका हातात महाग डबा घेतला, दुसऱ्या हातात स्वस्त. डोळे मिटले आणि क्षणभर दोन्ही हात वरखाली केले.

"सस्ता पावशेर जड हाय," तो म्हणाला. "ज्यात माल जास्ती, त्याचे पैसे कमी? पोरीला येडी समजतो काय?"

मंगेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो काही बोलणार, तेवढ्यात रविना म्हणाली, "बरं. अकराशेचाच दे. आन् मोठा कार्ड टाक."

आणि इथे जैतूच्या मनात पाल चुकचुकली. दोनशे-तीनशेसाठी तासभर भांडलेली ही मुलगी तीन हजारांच्या गोष्टीवर एका शब्दात कशी वळली? त्याने बारीक नजरेने पाहिलं. मंगेश तिच्याकडे बघून नाही-नाही करत होता आणि तिने डोळ्यांनीच त्याला गप्प बसवलं. म्हणजे दोघांचं आधीच काही ठरलेलं होतं. बापासमोर नाटक चाललं होतं. तीस वर्षं जगाला ओळखणाऱ्या माणसाला त्याचीच मुलगी एका परक्या पोराशी मिळून बनवत होती, आणि हे त्याला फार लागलं. काय लपवताहेत ते या स्वस्त डब्यातच असणार, म्हणून त्याने तो पुन्हा उचलला.

या वेळी त्याने नुसतं तोललं नाही. डबा आडवा केला, उभा केला, एका कोपऱ्यावर धरला. वजन सगळं एकाच बाजूला होतं. उरलेला डबा पोकळ. गोणीत धान्य असलं की वजन हातात सारखं पसरतं, आणि कुणी आत धोंडा दडवला असेल तर गोणी त्या बाजूला ओढ घेते. हे जैतूच्या हाताला पाठ होतं. मघाशी तो जिंकायच्या घाईत होता, म्हणून तेवढंच बघायचं राहिलं.

"उघड," तो म्हणाला.

"राहू दे ना बा," रविना घाईने म्हणाली. त्यामुळे तर त्याने डबा मंगेशच्या पुढ्यात आपटलाच.

मंगेश आधीच डिवचला गेला होता. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चार स्क्रू काढून झाकण बाजूला केलं. आत चार-दोन वायरी आणि थोडे सुटे भाग होते, एवढ्या मोठ्या डब्याला न शोभणारे. आणि एका भिंतीला काळ्या डिंकाने सिमेंटचा एक ठोकळा चिकटवलेला होता, चांगला साबणाच्या वडीएवढा. मंगेशचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक स्वस्त मागतं म्हणून ठेवतो, माल हलका आहे हे माहीत होतं, पण आत सिमेंट असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. खरं की खोटं, हे जैतूला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

दुकानदाराला असा पुराव्यासकट पकडायची वाट तो तीस वर्षं बघत होता. सगळं स्टँड गोळा होईल असा आवाज काढायला त्याने छाती भरून श्वासही घेतला, आणि त्याची नजर रविनावर गेली. तिला मुळीच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. ती मान खाली घालून वहीचं पान मिटत होती.

"तुला ठाव होतं?" जैतूने विचारलं.

"व्हिडिओत बघितलेलं. सस्त्यात वजनासाठी काय बी भरत्यात."

"मंग बोलली का नाय?"

मंगेश तोंड लपवायला कप घेऊन बाहेर गेला होता. तरीही तिने आवाज खाली आणला. "परक्या मानसासमोर तुजा हात खोटा कसा पाडू, बा? आज नेला असता, जोडलाच नसता. दोन दिसांनी येकटी येऊन मोठा कार्ड परत दिला असता आन् चांगला डबा नेला असता. अकराशेच गेले असते."

अकराशे म्हणजे तिचे तीन दिवस. तीन दिवस कंपनीतल्या फिरत्या पट्ट्यासमोर उभं राहून खोके चिकटवायचे, पाय सुजवायचे, आणि ते पैसे बापाला कळूही न देता बापाच्या अब्रूवरून ओवाळून टाकायचे, असं तिने एका क्षणात ठरवून टाकलं होतं. जैतूला आधी भयंकर लाज वाटली. सकाळपासून तो तिला लुटणारा माणूस शोधत होता, आणि आज तिचे पैसे बुडणार होते ते त्याच्याच हाताच्या अभिमानापायी. मग त्या लाजेच्या खालून असा आनंद वर आला, की तो तोंड फिरवून झेरॉक्सच्या मशीनकडे बघत उभा राहिला.

मंगेश परत आला. त्याने अकराशेचा डबा टेबलाखाली ढकलला, लहान कार्ड आणि चार हजार दोनशेचा डबा पुढे ठेवला आणि त्यातले दोनशे आपणहून कमी केले. मग तो डबा दोन्ही हातांनी उचलून त्याने जैतूसमोर धरला.

"काका, घ्या, नीट बघा. एका बाजूला जात असेल तर सांगा."

जैतूने हात पुढे केले नाहीत.

"तिला दे," तो म्हणाला. "तिला समजतं त्यातलं."