गरम डबी

आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांना मी मनातल्या मनात ‘डॉक्टर’ म्हणायचो, आणि तेही कुत्सितपणे. कुठल्याही बोर्डावर मोजमाप सुरू करण्याआधी ते एकेका भागावर बोट ठेवून ताप पाहिल्यासारखे उभे राहत. एवढी महागडी यंत्रं हाताशी असताना बोटं कसली लावायची, हा माझा तोरा.

माझ्या थोरल्या बहिणीने तीन वर्षं खपून एक चिप बनवली होती, चढत्या-उतरत्या लहरीचे आकडे करून देणारी. तपासणी माझ्याकडे आली. आलेखात जिथे सपाट रेघ हवी, तिथे भलतीच शिखरं उगवत होती. चिप वाईट निघाली तर साहेब कामच गुंडाळणार होते, आणि निकाल द्यायची दुपार उजाडत आली होती. ताईला मी शिखरांचं तीन दिवसांपूर्वीच फोनवर सांगितलं होतं. ती नुसती ‘बरं’ म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

लहर नेमकी कधी मोजायची, हे चिपला क्लॉकचा ठोका सांगतो. बोर्डावर त्यासाठी एक पत्र्याची डबी असते, पण मी बाहेरच्या यंत्रातून जास्त नेमका ठोका देत होतो. जंपर, म्हणजे जोडणी बदलणारी नखाएवढी टोपी, ‘बाहेरचा’ या खुणेवर होती. दहादा पाहिली होती.

काका आले. मी तोंड वाकडं केलं. त्यांचं बोट फिरत फिरत डबीवर थांबलं.

“ही गरम कशी रे? हिचं तर आज काम नाही ना?”

मी डबीचं ऐकणं बंद केलं होतं, डबी बंद केलीच नव्हती. तिचा ठोका शेजारून चिपमध्ये झिरपत होता. काकांनी तिला वीज देणारी दुसरी टोपी चिमट्याने ओढून काढली, आणि शिखरं गेली. काखेत कळसा अन् गावाला वळसा. खरं सांगतो, त्या बोटाला हात जोडावेसे वाटले. काका मात्र पुढच्या बोर्डाकडे वळलेसुद्धा.

ताईला बोलावलं. चूक माझी होती आणि काकांनी पकडली, हे सरळ सांगून टाकलं. तिने सपाट रेघेवरून बोट फिरवलं.

“तीन दिवस मी माझ्या चिपमध्ये चूक शोधतेय,” ती म्हणाली. “आणि नसलेली चूक सापडलीसुद्धा रे. आज साहेबांपुढे कबूल करणार होते.”

मला मान वर करवेना.