डावा जबडा

केसांतल्या चापाच्या दातांत झेंडूची एक पाकळी अडकली होती – सुकून तपकिरी झालेली, कडेला तेवढी पिवळी – आणि अनुजाला वाटलं, आधी ती काढावी, मग मानेला हात लावू. पण हे हात लावणं लांबवायचे बहाणे आहेत, हे तिचं तिलाच कळत होतं. खुर्चीवर पाठमोऱ्या बसलेल्या राधाबाई दादरच्या फूलबाजारात तीस वर्षं मान खाली घालून हार ओवतात. मान दुखते, डोकं दुखतं, आणि आता आठ दिवस डावा जबडा.

डावा जबडा म्हटल्याबरोबर अनुजानं त्यांना कार्डिओग्राम काढायला पाठवलं होतं. जबडा दुखणाऱ्या प्रत्येकाला ती गेलं वर्षभर पाठवते. परळच्या या दवाखान्यात त्यावरून थट्टा होते – सुपारी फोडताना दात दुखला तरी अनुजाकडे जाऊ नका, छातीला वायरी लावेल. हसा, खुशाल हसा. राधाबाईंचा कार्डिओग्राम स्वच्छ आला, हृदयाच्या डॉक्टरांनीही तपासलं. म्हणजे दुखणं खरोखरच मानेचं, बसण्याचं. हे मला येतं. एवढंच तर मला येतं...

वर्षापूर्वी तिचे अण्णा चाळीच्या गॅलरीत बसले होते, सकाळी, जबड्याला तळवा लावून. कपाळावर घाम – मे महिन्यात मुंबईत कुणाला घाम येत नाही? "दिवसभर मोबाईलमध्ये मान खुपसून बसता, दुसरं काय होणार?" असं त्यांना झापून ती त्यांच्या मागे उभी राहिली. खांदे मागे, हनुवटी आत, दातांवर दात नको. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, तसं फिजिओथेरपी शिकलेल्या या लेकीला वाकलेल्या मानांपलीकडे काही दिसत नव्हतं. कानाखाली अंगठा ठेवून तिनं बापाचा जबडा वीस मिनिटं चोळला. वीस मिनिटं! तेवढ्यात टॅक्सीनं हॉस्पिटल गाठता आलं असतं.

"बरं वाटतंय," अण्णा म्हणाले. ती कामावर आली. चार वाजता भावाचा, सुशांतचा फोन आला – हार्ट अटॅक – तेव्हा सगळं संपलं होतं.

अण्णांच्या त्या ‘बरं वाटतंय’वर तिनं वर्ष काढलं. भेटायला येणाऱ्यांना सांगितलं, सुशांतला सांगितलं, आरशातल्या बाईलाही सांगितलं – शेवटी माझ्या हातानं त्यांना बरं वाटलं होतं. चूक झाली, भयंकर झाली, पण बरं वाटलं होतं ना.

तिनं राधाबाईंच्या मानेवर अंगठा टेकवला. स्नायू दोरीसारखा ताठ. हळूहळू दाब, मग सोडायचं, पुन्हा दाब, कानाखालून हनुवटीकडे... आपलेच दात घट्ट आवळलेले आहेत हे तिच्या उशिरा लक्षात आलं. दिवसभर दुसऱ्यांना सांगते, जबडा सैल सोडा. पाव तास गेला.

"कसं वाटतंय, मावशी?"

"बरं वाटतंय गो बाय."

इथं थांबायचं असतं. पेशंट तेच म्हणतात, आपण टॉवेल घडी करतो, पुढच्याला हाक मारतो. आज जीभ ऐकेना.

"खरंच?"

राधाबाईंनी पदर सारखा केला. मग मान न वळवता, ओशाळून म्हणाल्या, "खरं सांगू? हाय तसाच ठणकतोय. पण तू एवढी मेहनत घेतलीस, तुला नाय कसं म्हणू? पोरीच्या जातीला वाईट वाटतं."

अनुजाचे हात त्यांच्या खांद्यांवर तसेच राहिले.

त्या दिवशी पावणेअकरा वाजले होते. मला उशीर होत होता, मी दोनदा घड्याळ बघितलं, आणि ते अण्णांनी बघितलं होतं. म्हणून म्हणाले, बरं वाटतंय. मी निघावं म्हणून...

"मावशी, मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका," ती म्हणाली. आवाज चढला होता. "कुठं दुखतंय ते सांगा."

राधाबाई दचकल्या. बोटानं जागा दाखवू लागल्या – हितं, आणि हितनं डोक्यात – आणि अनुजा ऐकत होती, ऐकायचा प्रयत्न करत होती. वर्षभर ती स्वतःलाच खात आली होती. अण्णांना कधी शब्दानं बोल लावला नव्हता. आता राग आला तो त्यांचा – पोटातून, लहानपणी यायचा तसा – एवढं दुखत होतं तर ओरडला का नाहीत, अण्णा? – आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस कुठंच नव्हता.