किलोमागे एकच नियम

डॉक्टरीण स्वतःच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी काय गेली, इकडे तिच्या धाकट्या दिराने सगळा कारभारच फिरवून टाकला.

प्राणिसंग्रहालय सासऱ्यांनी उभं केलेलं. त्यांचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून व्यवस्था धाकट्या मुलाकडे आली होती आणि जनावरांचं दुखणंखुपणं मोठ्या सुनेकडे. दीर कामसू होता, हुशारही होता. खोड एकच: कळत नसलेली गोष्ट कुणाला विचारायची म्हणजे त्याला कमीपणा वाटायचा.

परत आल्यावर बॅग फाटकापाशी टाकून ती सवयीने आधी लहान प्राण्यांच्या खोलीत गेली. अंगठ्याएवढ्या चिचुंद्र्यांच्या काचपेटीत एरवी क्षणाची उसंत नसे. एकतर खाणं, नाहीतर खाणं शोधणं. आज पाचोळा हलत नव्हता. तिने झाकण काढून हात घातला. आई कोपऱ्यात ताठ पडली होती आणि तिच्या मागे पिल्लं, एकाच्या शेपटीपाशी दुसऱ्याने तोंड खुपसलेलं, चालायला निघावं तशी ओळीने. सगळी गार.

"यांना खायला घातलं नाही कुणी?" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या पेटीतली खार उडालीच.

खुराक वाटणारे काका दारात येऊन उभे राहिले. या माणसाचा जन्म इथेच गेला होता. "घातलं की. साहेबांनी ठरवून दिलं तेवढं. सगळ्यांना आपापल्या वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतकं. मी म्हटलं, एवढ्यानं यांचं काय होणार? तर म्हणाले, काका, लाड पुरे झाले."

"मग मला फोन करायचा!"

"साहेब म्हणाले, वहिनींच्या डोक्याला ताप नको."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आहेत कुठे साहेब?"

"मावशीकडे. तिचा पाय फार सुजलाय. गाईगुरांचे डॉक्टर बोलावलेत, भुलीचं इंजेक्शन देऊन गळू कापणार आहेत."

मावशी म्हणजे इथली म्हातारी हत्तीण. डॉक्टरणीने मेलेली चिचुंद्री मुठीत घेतली आणि ती धावत सुटली.

हत्तिणीच्या कठड्याशी बाहेरचा डॉक्टर सिरिंज भरून तयार होता. दीर शेजारी हाताची घडी घालून उभा.

"थांबा! खाली ठेवा ती आधी!" तिने सिरिंज जवळजवळ हिसकावूनच घेतली. आत किती औषध आहे ते पाहिलं. "हे कुणी काढलं, भाऊजी?"

"मीच. हरणाला तुम्ही किती देता ते पाहिलं. मावशी हरणाच्या जितके पट जड, औषध तितके पट. साधं त्रैराशिक आहे, वहिनी."

"एवढ्याने ती आडवी झाली असती ती परत उठलीच नसती!" मग ती बाहेरच्या डॉक्टरवर वळली. "आणि तुम्ही हो? शिकलात ना तुम्ही?"

"हत्ती मी कधी भुलवला नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मालकांनी हिशोब करून दिला, म्हटलं बरोबरच असेल."

"हात पुढे करा, भाऊजी."

त्याने गोंधळून हात पुढे केला. तिने चिचुंद्री त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने हात झटकू पाहिला, तसं तिने त्याचं मनगट गच्च धरलं. "धरा! तुम्ही उपाशी मारलीत ही. पिल्लांसकट."

"उपाशी कसली? मी कुणाला डावं-उजवं केलं नाही. हत्तीला एक न्याय नि उंदराला दुसरा, असं नको, म्हणून तर—"

"न्याय? अहो, ही दिवसाला स्वतःच्या वजनाएवढं खाते तेव्हा कुठे जगते! मावशीला विसावा हिस्सा म्हणजे पोटभर, हिला तो म्हणजे मरण. वजन दुप्पट झालं म्हणून भूक दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. उंदरापासून हत्तीपर्यंत हेच चढत जातं. मावशीच्या अंगातला एक किलो जेवढं जाळतो, त्याच्या वीसेक पट एक किलो उंदीर जाळतात. औषधाचंही तेच. लहान अंगात भराभर संपतं, मावशीच्या अंगात मुक्काम ठोकून बसतं."

"असं का?" त्याने हळूच विचारलं.

"का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. पण असं आहे, एवढं तुम्हाला एका फोनवर कळलं असतं. एका फोनवर!"

ती घरी पोहोचेपर्यंत दीर पुढे जाऊन सासऱ्यांच्या पलंगाशी बसला होता. म्हाताऱ्याने जड जिभेने सुरुवात केली, "जाऊ दे, सूनबाई. चुकतो माणूस. घरातलं घरात राहू दे."

"मेली ती घरातली नव्हती म्हणून जाऊ द्यायचं, बाबा?" ती पलंगासमोर येऊन उभी राहिली. "मी इथे सून आहे की डॉक्टर, ते आत्ता सांगा. नुसती सून असेन तर तोंड बंद ठेवते आणि उद्यापासून एकाही जनावराला हात लावत नाही."

म्हाताऱ्याने चांगल्या हाताने मुलाकडे बोट केलं. "खुराकाच्या खोलीची किल्ली... वहिनीला दे. औषधाचीही."

दिराने किल्ल्या टेबलावर आपटल्या. तिने त्या उचलल्या. जिंकल्यासारखं तिला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः औषध भरलं, इतकं थोडं की काकाही पुन्हा पुन्हा बघत राहिले. हळूहळू मावशीचे कान हलायचे थांबले, सोंड सैल लोंबली, पण ती उभीच राहिली. डॉक्टरणीने गुडघे टेकून गळू फोडलं. घाण वास सुटला.

"पाण्याची नळी धरू का, वहिनी?" दीर कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक.

चालते व्हा, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण काका सोंडेपाशी अडकले होते आणि तिचे दोन्ही हात जखमेत होते.

"धरा. आणि बोलू नका."

त्याने नळी धरली. पू आणि पाणी त्याच्या बुटांवरून वाहत होतं, पण तो पाय मागे घेत नव्हता. तिला ते दिसलं. तरीही राग तसूभर उतरला नाही, आणि तिने तो उतरवायचा प्रयत्नही केला नाही.