एक मीटर दहा

मावशींनी तिसरी किल्लीही लावून बघितली. तीही फिरली नाही.

"ही नव्हे," त्या फाटकाच्या आतून म्हणाल्या आणि जुडग्यातली चौथी किल्ली उजेडाकडे धरून न्याहाळू लागल्या.

बाहेर ती खांद्याला नकाशांची नळी, हातात तीस मीटरचा कापडी टेप आणि काखेत वही घेऊन उभी होती. वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि या आधारगृहातली ही तिची चौथी खेप. इथल्या बायकांनी एव्हाना तिचं नाव 'टेपवाली' ठेवलं होतं. चारही खेपांना मावशींना किल्ली सापडली नव्हती. ज्या बाईला बावीस बायकांची नावं, त्यांच्या मुलांची दुखणी आणि कुणाला चहात किती साखर लागते हे तोंडपाठ, तिला स्वतःच्या फाटकाची किल्ली ओळखू येऊ नये? सोंग आणायचं तर निदान जरा बरं आणावं, असं टेपवालीला वाटलं.

सहावी किल्ली लागली.

"आज काय मोजायचं राहिलंय?" मावशींनी विचारलं. "दर वेळी मोजतेस. इमारत काय बाळसं धरते की काय?"

"तेच बघायला आलेय," ती म्हणाली.

या वर्षी परीक्षेचा विषय होता समाजोपयोगी इमारत. अर्ध्या वर्गाने वृद्धाश्रम घेतला, उरलेल्यांनी वाचनालय. हिने घर सोडून आलेल्या बायकांसाठी आधारगृह घेतलं. आधी आत्ताची इमारत मोजायची, तिचा नकाशा काढायचा आणि मग तिच्या जागी नवी सुचवायची, असं काम. ऐकायला सोपं. पण गेल्या आठवड्यात इथेच चहा पिता पिता बेरीज केली, तर इमारत बाहेरून अठरा मीटर साठ भरत होती आणि आतून, सगळ्या खोल्या आणि भिंती धरून, सतरा मीटर पन्नास. तिने तीनदा बेरीज केली आणि कमी पडणाऱ्या जागेभोवती लाल पेनाने गोल काढून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. पाच-दहा सेंटिमीटर कुठल्याही जुन्या इमारतीत हरवतात, त्याचं काही नाही. एक मीटर दहा हरवत नाही. तेवढ्यात माणूस उभा राहतो.

दुसरं कुणी असतं तर भिंत जाड आहे असं लिहून मोकळं झालं असतं. हिला ती सोय नव्हती. गेल्या वर्षी तिने एका शाळेची मोजणी घरच्या टेबलावरच उरकली होती. दोनच दिवस हातात होते, कुणाला कळणार आहे, असं वाटलं. कळलं. तिच्या मास्तरांना पोरं उगाच 'मिलिमीटर सर' म्हणत नव्हती. "जुन्या इमारतीची बेरीज तंतोतंत जुळली, की समजायचं मोजणारा खुर्चीतून उठलाच नाही," एवढंच ते म्हणाले आणि तिला नापास केलं. वर्ष गेलं. घरी बाबांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि तेच तिला फार लागलं. याच विषयात दुसऱ्यांदा नापास झालं की नाव पटावरून कमी होतं, असा कॉलेजचा नियम होता.

त्यामुळे तिला ते एक मीटर दहा हवंच होतं. आणि मावशी काही ताकास तूर लागू देत नव्हत्या.

"शिवणाच्या खोलीमागे काय आहे?" तिने मागच्या खेपेला विचारलं होतं.

"भिंत."

"आणि भिंतीमागे?"

"शेजारी. लॉन्ड्री आहे त्यांची. कपडे टाकायचेत का तुला?"

अशा संस्थांबद्दल काय काय कानावर येतं. दानात आलेल्या वस्तू परस्पर बाहेर जातात, कुणाला कोंडून ठेवतात. टेपवालीच्या डोक्यात यातलं सगळं येऊन गेलं होतं.

शिवणाच्या खोलीत आज एकच बाई होती. तिशीची, सडपातळ, अंगावर सदा एक करडी शाल. बोलायची फार कमी. गेल्या खेपेला टेपवालीने एकटीनेच टेपचं टोक खुर्चीखाली दाबून ही खोली मोजली होती. आज शिवणबाई आपणहून उठल्या.

"मी धरते दुसरं टोक."

त्या समोरच्या भिंतीशी, मोठ्या लाकडी कपाटाच्या बाजूला जाऊन बसल्या. शून्याचं टोक त्यांच्याकडे. टेपवालीने टेप ताणून आकडा वाचला. सहा मीटर तीस. गेल्या आठवड्यात हीच खोली पाच मीटर वीस होती.

तिने मुकाट्याने नव्या पानावर आकडा लिहिला आणि बेरीज केली. आतून अठरा साठ, बाहेरून अठरा साठ. जुळलं, अगदी तंतोतंत. आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुपारी सगळ्या जेवायला गेल्या, तेव्हा ती परत त्या खोलीत शिरली. टेप काढलाच नाही. गुडघ्यांवर बसून एकेका फरशीवर बोट ठेवत भिंतीपासून भिंतीपर्यंत गेली. फरशी तीस सेंटिमीटरची. फरशांना कुणी शिकवून ठेवत नाही.

"मोजून झाल्या?"

दारात शिवणबाई उभ्या होत्या.

"सतरा, आणि कडेची एक कापलेली," टेपवाली उठत म्हणाली. "म्हणजे पाच वीस. तुम्ही एक मीटर दहा टेप शालीखाली दाबून धरला होतात."

"कपडे शिवते मी. किती दुमडायचं ते कळतं."

"पण नेमका तेवढाच कसा?"

"तुमच्या वहीतला लाल गोल सगळ्यांनी बघितलाय. वही टेबलावर उघडी टाकून चहा पिता तुम्ही."

टेपवालीचे कान तापले. "मागे काय आहे? कुणाला कोंडलंय तिथे?"

शिवणबाई काही बोलणार, इतक्यात फाटकाची घंटा वाजली. लांबलचक वाजली. वाजवणाऱ्याने बोट काढलंच नाही. मग मावशींचा आवाज आला, एरवीपेक्षा दुप्पट मोठा.

"आले हो, आले. थांबा, किल्ली बघू द्या. एक तर इतक्या किल्ल्या, आणि ही नव्हे..."

शिवणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कपाट उघडलं, आत टांगलेले कपडे बाजूला सारले आणि मागची फळी ढकलली. फळी आवाज न करता सरकली. मागे एक अरुंद बोळ होता, आणि बोळातून साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास आला.

"कोंडलेलं नाही कुणाला," त्या म्हणाल्या आणि आत शिरल्या.

फळी बंद झाली. टेपवालीने कपाटाचं दार लावलं, आणि दार लावल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण ते लावलंय. बाहेर मावशींची बडबड चालूच होती. ती ऐकत उभी राहिली. तिसरी किल्ली. चौथी. तिला एकदम स्वतःची लाज वाटली. चार खेपा ती त्या फाटकापाशी उभं राहून मनातल्या मनात या बाईला शिव्या घालत होती.

सहाव्या किल्लीला फाटक उघडलं.

खोलीत आलेला माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची फाइल, आवाज मऊ.

"माफ करा हं, त्रास देतोय. माझी बायको इथे आहे असं कळलं. तब्येत बरी नसते तिची, काळजी वाटते," असं म्हणत त्याने खोलीभर नजर फिरवली. "तुम्ही कोण?"

"कॉलेजातून आलेय. इमारत मोजते."

"अरे वा. मग तुम्हाला या बाईंपेक्षा जास्त माहीत असणार." त्याने हात पुढे केला. "बघू?"

नाही म्हणायला तिला कारण सुचेना. वही त्याच्या हातात गेलीच होती. त्याने सावकाश पानं उलटली. पाचव्या पानावर थांबला. लाल गोलावर बोट ठेवलं.

"हे काय?"

दारात मावशी उभ्या होत्या, किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरून.

"ते चुकलं होतं माझं," ती म्हणाली. "बेरीज जुळत नव्हती. पुढचं पान बघा ना. आज परत मोजलं, सहा तीस आलं. आता जुळते."

त्याने पान उलटलं. ओठ हलवत बेरीज केली, एकदा आणि मग आणखी एकदा. त्याचं बोट आकड्यांवरून खाली उतरत होतं आणि तिला वाटत होतं, हा आता खाली फरशांकडे बघेल.

"जुळते खरी," तो म्हणाला. "नीट मोजलंत ना?"

"मोजायचंच शिकते मी."

तो हसला, वही परत दिली आणि बाकीच्या खोल्या बघून निघून गेला. त्याच्यामागे फाटक लावताना मावशींना पहिल्याच फटक्यात किल्ली सापडली.

परत आल्या तेव्हा टेपवालीने लाल गोलाचं पान वहीतून फाडून त्यांच्यापुढे धरलं.

मावशींनी ते घेतलं नाही. "परीक्षेला लागेल ना गं तुला? तू इथे खरंच येऊन मोजलंस, याचा तेवढाच पुरावा आहे तुझ्याकडे."

"लागेल," ती म्हणाली, आणि पान त्यांच्या हातात कोंबलं.

"जेवून जा," मावशी म्हणाल्या. इतक्या खेपांत पहिल्यांदाच म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या मोठ्या दालनात सगळ्यांचे नकाशे भिंतींवर लागले. सकाळी परीक्षा आणि संध्याकाळपासून प्रदर्शन, येईल त्याला खुलं. मिलिमीटर सर तिच्या नकाशापुढे आले तेव्हा लाल पेन्सिल त्यांच्या कानावर होती. ती हातात आली.

"बाहेरून अठरा साठ," ते पुटपुटले. "आणि आतून?" पेन्सिल एकेका आकड्यावर टेकत गेली. "अठरा साठ."

"हो, सर."

"जुनी इमारत."

"हो, सर."

"गेल्या वर्षी आपलं काय बोलणं झालं होतं?"

"लक्षात आहे, सर."

"वही."

तिने वही दिली. त्यांनी पानं उलटली आणि शिवणीपाशी राहिलेल्या चिंध्यांवर अंगठा फिरवला.

"हे पान फाटलं की फाडलं?"

"फाडलं."

"का?"

सांगायला जीभ शिवशिवत होती. एक वाक्य पुरलं असतं. पण शेजारच्या नकाशापुढे चार पोरं उभी होती आणि ती सगळी कान देऊन ऐकत होती. तिने पायांकडे बघितलं. बाबा या वेळीही काही बोलणार नाहीत, असा विचार तिच्या मनात आला.

सर दुसऱ्या नकाशाकडे वळले. ही तिने सुचवलेली नवी इमारत. उजेडाच्या खोल्या, मुलांना खेळायला अंगण, फाटकापासून जरा आत घेतलेलं दार. शेवटी शिवणाची खोली, आणि तिच्या मागच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत कपाट. पेन्सिल पुन्हा फिरू लागली.

"बाहेरून चोवीस. आतून बावीस नव्वद." ते थांबले. "इथे एक मीटर दहा कमी आहे."

"हो, सर."

"दुसऱ्याने बांधलेली इमारत, ती जुळते. आणि ही तू स्वतः काढलीस, ही जुळत नाही."

जुन्या नकाशात तिने खोटा आकडा लिहिला होता. इथे तिला तो लिहवला नव्हता. उद्या कुणी खरोखर बांधायला घेतली, तर तेवढी जागा राहायला हवी होती.

सरांनी कपाटाच्या रेघेवर पेन्सिल ठेवली. तिथून मागच्या गल्लीपर्यंत नेली. मग जुन्या नकाशाकडे गेले, तिथल्या शिवणाच्या खोलीतल्या कपाटापाशी वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. उठले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"इथे बायका राहतात ना? घर सोडून आलेल्या?"

"हो, सर."

"आणि संध्याकाळी हे बघायला कुणीही येऊ शकतं."

"हो, सर."

त्यांनी लाल पेन्सिल खिशात टाकली आणि हात पुढे केला.

"तुझं काळं पेन दे."

नव्या नकाशावरच्या शिवणाच्या खोलीत पाच वीस लिहिलं होतं. त्यांनी पाचाचे सहा केले, विसाचे तीस केले. इतके सफाईने केले की आधी काय होतं ते तिलाही दिसेना.

"मोजणीचे गुण कापतोय. फाडलेल्या पानाचे," ते म्हणाले. "बाकीच्यात पास होशील. आणि ही बांधायला घेशील, तेव्हा खरा आकडा गवंड्याला तोंडी सांग."

तिने मान डोलावली.

नकाशाच्या तळाशी, सगळेच सवयीने लिहितात तशी, तिनेही बारीक अक्षरात एक ओळ लिहिली होती: नकाशावर पट्टी लावून रेघ मोजू नये, लिहिलेला आकडा धरावा. सरांनी पेन परत देताना त्या ओळीवर बोट टेकवलं.

"ही जरा ठळक कर," ते म्हणाले आणि पुढच्या नकाशाकडे गेले.