आठवी धुवणी

टायरच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी सातलाच मुंगी शिरायला जागा उरत नसे. रांगेतल्या सगळ्यांचे डोळे पिवळे, आणि सगळ्यांची नजर महाराजांच्या पुढ्यातल्या पांढऱ्या घमेल्यावर. शिष्य आधी रोग्याच्या हातांना बाटलीतलं ‘शुद्धीचं पाणी’ चोळायचा. मग महाराज बादलीतलं पाणी त्या हातांवर ओतायचे, आणि घमेल्यात पिवळाधमक ओघळ उतरायचा.

“निघाली बघा कावीळ! मुळापासून निघाली!” महाराज गरजायचे. “डॉक्टर सुया टोचतो, मी नुसते हात धुतो. नऊ धुवण्या! नवव्या धुवणीला माणूस कोरा करकरीत!”

बारावीत शिकणारी एक मुलगी या रांगेत रोज वडिलांचा दंड धरून उभी असायची. वडील बाइंडर. तीस वर्षं खळ आणि पुठ्ठ्यांत गेलेला माणूस, वह्यांची भली मोठी थप्पी एका दमात उचलणारा. आता त्यांना पायरी चढवत नव्हती. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा, पोटात उजव्या बाजूला कळ उठायची.

“बाबा, दवाखान्यात दाखवू या ना,” ती रोज म्हणायची.

“अगं, पाणी बघतेस ना? पहिल्या दिवशी केवढं पिवळं होतं! आता निम्मंसुद्धा नाही. रोग उतरतोय.”

“चार बुकं काय शिकली, बापाला शिकवायला निघाली,” आत्या स्वयंपाकघरातून तोफ डागायची. घरात वडिलांच्या शब्दापुढे कुणाचं चालत नसे, आणि वडिलांचं आत्यापुढे. पोरीने करायचं तरी काय? ती रोज बघत राहिली. बघता बघता सातव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की पाणी दिवसेंदिवस फिकं होतंय, पण बाबांचे डोळे दिवसेंदिवस गडद होताहेत.

हे तिने वर्गातल्या चष्मेवालीला सांगितलं. चष्मेवाली म्हणजे प्रयोगशाळेत शिपायाच्या आधी हजर होणारी पोरगी. तिने एवढंच विचारलं, “ज्याला कावीळ नाही, त्याचे हात कधी धुतलेत का त्यांनी?”

आठव्या दिवशी दोघी शेडमध्ये गेल्या. बाबांची पाळी येताच मुलीने आपलेच हात पुढे केले. “महाराज, आधी माझे धुवा. मला काहीही झालेलं नाही.”

शिष्य गांगरला, पण महाराज हसले. पाणी चोळलं, बादलीतलं ओतलं. पिवळाधमक ओघळ!

“बघा!” मुलगी गर्दीकडे वळली. “मी ठणठणीत आहे, तरीसुद्धा पिवळं!”

“बघा!” महाराज तिच्याहून मोठ्याने ओरडले. “कावीळ घरात पसरली! पोरीला पत्तासुद्धा नाही!”

गर्दीत हाय हाय झालं. बायको-भावाला सोबत म्हणून आलेली पाच-सहा धडधाकट माणसं घाबरून स्वतःच रांगेत उभी राहिली. करायला गेलो काय आणि झालं काय! मुलीला रडू कोसळलं.

चष्मेवाली मात्र खमकी. तिने बादलीतलं पाणी पेल्यात घेतलं, खिशातून नळी काढली आणि फुंकत बसली. बघता बघता नितळ पाणी दुधासारखं पांढरं झालं. “ही चुन्याची निवळी. फुंकली की दुधाळ होते, शाळेतला प्रयोग आहे. आणि बाटलीत झाडाच्या सालीचा काढा, वासच सांगतो. काढ्यावर निवळी पडली की पिवळा रंग येतो. हात कुणाचेही असोत!” तिने शिष्याच्या मागच्या, एक ते नऊ आकडे घातलेल्या बाटल्या उजेडात धरल्या. पहिल्या दिवसाची चहासारखी, नवव्या दिवसाची जवळजवळ निव्वळ पाणी. “रोग नाही उतरत, काढा पातळ होतोय.”

“खोटं आहे हे!” बाबा पुढे सरसावले. त्यांना महाराज खरे ठरायला हवे होते हो, जीवच त्यावर टांगलेला होता. “महाराज, तुमचे हात द्या. पोरींची तोंडं बंद करू.” महाराज मागे सरकायच्या आत त्यांनी पहिल्या बाटलीतला काढा महाराजांच्या हातांना फासला आणि वर निवळी ओतली.

घमेलं पिवळंजर्द झालं.

मग महाराजांनी डोळे मिटले. “तुमची सगळ्यांची कावीळ शेवटी मीच तर अंगावर घेतो, लेकरांनो.”

“महाराज की जय!” शेड दणाणली. रांगेतलं एकही माणूस हललं नाही. हलले ते एकटे बाबा. ते पोरीच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “चल, दवाखान्यात.”

डॉक्टरीणबाईंनी तपासून कपाळाला हात लावला. “कावीळ हा रोग नव्हे, खूण आहे. यांच्या पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. आठ दिवसांपूर्वी आणलं असतं तर काढून घरी पाठवलं असतं. आता विष रक्तात भिनलंय.” खडा काढला, सगळं केलं. चौथ्या दिवशी बाबा गेले. शुद्धीवर असताना पोरीला एकच म्हणाले, “मी पाण्याकडेच बघत बसलो गं.”

आत्याने ऊर बडवला. “दोनच धुवण्या राहिल्या होत्या! नऊ पुऱ्या होऊ दिल्या असत्यास तर माझा भाऊ आज जिवंत असता!”

गल्लीतही हेच ठरलं, की बाइंडरला दवाखान्याने मारलं. महाराजांची रांग वाढली.

महिन्याभराने मुलगी वर्गातल्या दहा-बारा जणांना घेऊन त्या रांगेशी उभी राहिली, दवाखान्यात चला म्हणून लोकांना विनवू लागली. रोज सकाळी, कॉलेजच्या आधी. लोक शिव्या घालत, एकाने तर चिखल फेकला. पंधरा दिवसांत एकच बाई थबकली, कडेवर पिवळ्या डोळ्यांचं पोर घेऊन.

“तुझे वडील दवाखान्यातच गेले ना?” बाईने विचारलं.

“हो,” मुलगी म्हणाली. “आठ दिवस उशिरा नेलं होतं, मावशी.”

बाईने कडेवरच्या पोराचे डोळे उजेडाकडे वळवून पाहिले. मग रांग सोडून तिच्याबरोबर दवाखान्याच्या वाटेला लागली. बाकीची रांग तशीच उभी होती.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा विचारा: ज्याला काहीच झालेलं नाही, त्याच्यावर हा चमत्कार करून दाखवाल का? हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. आठवा दिवस फार उशिराचा असतो.