भिंत कुणाची

राजधानी आक्रातल्या एका मोठ्या कलादालनात एक अख्खी भिंत आम्ही तिघींनी रंगवली. मी अयामपोका, माझी जाऊ अकोलपोका आणि कला शिकलेली माझी भाची तलाता. लाल माती, काळा दगड, पांढरा खडू. गावी घराला देतो तेच रंग, तीच नक्षी. रंग पक्का करणाऱ्या शेंगांच्या काढ्याचा शेवटचा हात तेवढा राहिला होता. संध्याकाळी लंडन-न्यूयॉर्कचे संग्रहालयवाले येणार होते.

दुपारी भिंतीशेजारी पाटी लागली. तलाताने वाचली, "उत्तर घानाची ग्रामीण हस्तकला."

"आणि नावं?"

"नाहीत, आत्या."

बाकी प्रत्येक चित्राखाली नाव होतं. माझं डोकंच फिरलं. दालनाचे प्रमुख ओसेई यांना मी तिथेच गाठलं.

"मावशी, ही परंपरा आहे," ते समजुतीने म्हणाले. "परंपरेला कुठे नाव असतं?"

"परंपरेचे गुडघे दुखतात का रे? माझे दुखतायत!"

तलाता कुजबुजली, "राहू दे ना आत्या. भिंत मिळाली हेच खूप."

"मिळाली कसली? आपण दिलीय त्यांना!"

अर्धवट भिंत आम्ही पाहुण्याला दाखवत नाही. कुणी आलंच, तर बायका भिंतीपुढे पाय पसरून बसतात आणि त्याला अंगणातूनच परतवून लावतात. काढ्याचं भांडं बाजूला सारून आम्ही दोघी तशाच बसलो. तलाताही बसली, पण मान खाली घालून.

पाहुणे आले, थबकले आणि आमचेच फोटो काढायला लागले. त्यांना वाटलं, आम्हीही चित्रातल्याच!

"जाऊबाई, आता आपणही हस्तकला झालो," अकोलपोका हसू दाबत म्हणाली.

एक गोरी बाई उकिडवी बसली. तिने तलाताला विचारलं, "ही भिंत कुणाची?"

तलाताने आम्हा दोघींचीच नावं सांगितली. मी कोपर मारलं. "आणि तुझं? मेले, तोंडात माती भरलीय का?"

तिने मान वर केली. "आणि मी, तलाता. ही आमची तिघींची भिंत." आवाज जरा कापला, पण सगळ्यांना ऐकू गेला. मला असा अभिमान वाटला, की गुडघेही विसरले.

ओसेई घाम पुसत आले. "उठा मावशी, पाटी बदलतो."

"आधी पाटी."

नवी पाटी आली. तीन नावं आणि खाली 'चित्रकार'. तलाताने हळूच वाचून दाखवली.

"मोठ्याने वाच."

"आत्या, सगळे बघतायत."

"म्हणूनच!"